गणंग क्वार्ट्झ आणि ढगाळ फेल्डस्पार

या महिन्यात पत्रं कमी आली, पण काणकोणहून जे आलंय ते असं आहे की त्यालाच जास्त जागा देतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: आमच्या घरामागे मे महिन्यात विहीर खणली. वरचा चिरा संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला, सुरुंगवाल्याला बोलवावं लागलं. निघालेल्या दगडात गुलाबी मोठे मोठे दाणे आहेत, काही दाणे काचेसारखे, काही पिठासारखे मळकट. माझा पुतण्या मडगावला जिऑलॉजी शिकतो, तो दगड बघून म्हणाला, काका, हा कधीतरी गरम पाण्यात उकळून निघालाय, आणि ते पाणी पावसाचं होतं की मॅग्माचं (म्हणजे खोलातल्या वितळलेल्या दगडाचं) हेसुद्धा आयसोटोपवरून सांगता येतं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे नुसतं "सांगता येतं" म्हटल्यावर माझं समाधान होत नाही. कसं सांगता येतं?
(निवृत्त शिक्षक, काणकोण)

उत्तर: सर, पुतण्या अर्धा बरोबर आहे आणि अर्धा घाईत आहे. घाईचं नंतर बघू, आधी बरोबर काय ते.

ग्रॅनाइट घ्या, बसाल्ट घ्या, वजनाने जवळजवळ निम्मा दगड म्हणजे ऑक्सिजनच असतो, आपण दगड म्हणतो तेव्हा सिलिकॉन ॲल्युमिनियम डोक्यात येतात पण घर भरलेलं असतं ऑक्सिजनने. आणि हा ऑक्सिजन सगळा सारखा नाही. बहुतेक अणू १६ वजनाचे, साधारण ५०० त एखादा १८ वजनाचा, १७ वाला अगदीच क्वचित, त्याला सध्या सोडून देऊ. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या भावंडांना आयसोटोप म्हणतात. हे तिघेही स्थिर, म्हणजे युरेनियमसारखे फुटत नाहीत, किरणं सोडत नाहीत, तुम्ही सकाळी प्यायलेल्या चहातही ऑक्सिजन-१८ होताच. प्रश्न फक्त एवढाच की ५०० त एक हे प्रमाण कुठे किंचित जास्त आणि कुठे किंचित कमी. तो फरक इतका बारीक असतो की टक्क्यात सांगून उपयोग नाही, दर हजारी सांगतात, आणि समुद्राचं पाणी शून्य धरतात. याला म्हणतात डेल्टा. पृथ्वीच्या मँटलमधून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, थेट आलेला ताजा बसाल्ट +५.७ च्या आसपास, ग्रॅनाइट बहुधा +६ ते +१०, गाळाचे खडक वितळून झालेला असला तर त्याच्याही वर.

आता पाऊस. अरबी समुद्रावरून ढग निघाला की जडवाला ऑक्सिजन तो आधी सांडतो, हलका मागे ठेवतो, त्यामुळे ढग जितका आत गेला, जितका उंच चढला, जितका थंड प्रदेशात गेला तितका पुढचा पाऊस हलका. म्हणून पावसाचा डेल्टा सहसा शून्याच्या खाली, किनाऱ्यावर थोडासा खाली आणि ग्रीनलंडसारख्या ठिकाणी चांगलाच खाली. हायड्रोजनमध्येही जड-हलका असतो आणि त्याचंही तसंच, आणि दोघे एकमेकांचा हात धरून चालतात: अमेरिकन शास्त्रज्ञ हार्मन क्रेगने १९६१ मध्ये जगभरच्या नद्या-पावसाचे आकडे मांडून दाखवलं की हायड्रोजनचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची ८ पट अधिक १०. सर, ही सरळ रेषा तुम्हाला आवडेल, y बरोबर mx अधिक c, आठवीच्या पुस्तकातली.

तर एका बाजूला अधिक चिन्हाचा दगड, दुसऱ्या बाजूला उणे चिन्हाचं पाणी. थंडीत दोघे शेजारी शेजारी बसले तरी बोलत नाहीत. पण खाली मॅग्मा घुसला, दगड तापला, त्याला भेगा गेल्या, वरचं पाणी त्या भेगांतून खाली उतरून गरम होऊन परत वर यायला लागलं, पेजेच्या टोपात भाताची शितं खालवर फिरतात तसं, की मग अणूंची अदलाबदल सुरू होते. पाणी दगडाकडून जड ऑक्सिजन घेतं, दगड पाण्याकडून हलका घेतो. मॅग्माचं स्वतःचं पाणी हे करू शकत नाही कारण ते दगडाशी आधीच जुळलेलं असतं, अधिक चिन्हाचंच. एखादा ग्रॅनाइट किंवा गॅब्रो (बसाल्टचाच खोलात सावकाश गोठलेला भाऊ) +१ वर, शून्यावर, उणे दोनावर सापडला तर त्याला खाली ओढणारं पाणी वरूनच आलेलं असणार.

हे आज सोपं वाटतं, पण बराच काळ लोक धरून चालले होते की गरम पाण्याचे झरे, धातूच्या शिरा, हे सगळं मॅग्माने ओकलेल्या पाण्याचं काम. मग क्रेगनेच १९६३ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोनपासून इटलीतल्या लार्देरेल्लोपर्यंतच्या गरम पाण्याचे आकडे मांडले, आणि हायड्रोजन बघितला तर प्रत्येक ठिकाणी तिथल्याच स्थानिक पावसाशी जुळणारा! ऑक्सिजन तेवढा थोडा जड बाजूला सरकलेला, म्हणजे दगडाकडून उचललेला. पाहुणा कोण हे पाण्याने सांगितलं. मग कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतल्या ह्यू टेलरने उलटा प्रश्न विचारला: पाण्याने दगडाकडून जड ऑक्सिजन घेतला असेल तर कुठेतरी हलका झालेला दगड शिल्लक असलाच पाहिजे. पाणी कधीच वाहून गेलं, झरा विझला, पण दगड कुठे जातोय. स्कॉटलंडच्या स्काय आणि मल बेटांवर, ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरांत त्याला असे हलके दगड मिळत गेले, चौरस किलोमीटरच्या हिशोबाने.

किती पाणी फिरलं तेही काढता येतं. इथे सोलकढी करणाऱ्या कुणालाही विचारा. मूठभर सोलं वाटीभर पाण्यात टाकली तर पाणी लालभडक होतं, सोलं आहेत तशीच. तीच सोलं बादलीभर पाण्यात, पाणी बदलून बदलून ठेवली तर शेवटी सोलंच पांढरी पडतात. दगड-पाण्याचं तसंच: पाणी थोडं असलं तर दगड पाण्याला रंगवतो, पाणी भरपूर असलं तर पाणी दगडाला धुवून काढतं. गणित हवं असेल तर घ्या. दगड +६ ने सुरू झाला, पाऊस उणे १०, आणि त्या तापमानाला दगड पाण्यापेक्षा २ ने जड राहतो असं धरू, साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला फेल्डस्पारचं तेवढं असतं. आज दगड शून्यावर सापडला. म्हणजे दगडाने गमावले ६. शेवटी दगड ० तर त्याच्याबरोबरचं पाणी उणे २, म्हणजे पाण्याने कमावले ८. सहाला आठने भागा, ०.७५. दगडातल्या ऑक्सिजनच्या दर १०० अणूंमागे पाण्याचे ७५ अणू. हे एकाच वाटीत भिजवल्याचं गणित झालं, पाणी येत-जात राहिलं असेल तर एक अधिक ०.७५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, ०.५६ येतो. दोन्ही आकडे किमान आहेत हं, कारण जे पाणी दगडाशी न बोलता भेगेतून सरळ निघून गेलं ते या हिशोबात येतच नाही.

हायड्रोजनची गोष्ट वेगळी. दगडात हायड्रोजन नावापुरता, त्यामुळे घोटभर पाण्यानेही त्याचा आकडा पालटतो. म्हणून हायड्रोजन सांगतो पाणी आलं होतं का, आणि ऑक्सिजन सांगतो किती आलं.

आता तुमच्या विहिरीच्या दगडाकडे येऊ. एक तुकडा घ्या, ताज्या फुटीची बाजू वर करा आणि साधं भिंग लावा. जे काचेसारखं राखाडी दिसतं, ज्याला सपाट पैलू नाही, फुटलेल्या बाटलीच्या तळासारखं, ते क्वार्ट्झ. जो गुलाबी दाणा उन्हात फिरवला की एका कोनात आरशासारखा चमकून जातो तो फेल्डस्पार. डाळ शिजत घातल्यावर सगळी मऊ होते पण एखादा गणंग असतो, तासभर शिजवला तरी दाताखाली कट्ट करतो, तसा क्वार्ट्झ या सगळ्यातला गणंग. गरम पाण्यात लाखभर वर्षं राहिला तरी आपला जुना ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. फेल्डस्पार मात्र लगेच विरघळतो, म्हणजे खरंच विरघळून परत जमतो, आणि त्या परत जमण्यात आत असंख्य बारीक पोकळ्या आणि लोखंडाचे कण राहून जातात म्हणून तो ढगाळ दिसतो.

आणि सगळी मेख इथेच आहे. मॅग्मातून दोघे एकत्र थंड झाले असते तर क्वार्ट्झ फेल्डस्पारपेक्षा १ ते २ ने जड, असं त्यांचं ठरलेलं अंतर असतं. क्वार्ट्झ +९ आणि फेल्डस्पार +७.५ असं आलं तर घरात शांतता आहे. क्वार्ट्झ +८.५ आणि फेल्डस्पार +१ असं आलं तर नंतर कुणीतरी बाहेरचा येऊन गेलाय, कारण त्या अंतराला कुठलंच मॅग्माचं तापमान जुळत नाही. आणि समजा दोघेही खाली आले, क्वार्ट्झ +२ आणि फेल्डस्पार +१, पण आपापसातलं अंतर शाबूत? मग ती वेगळीच कथा, तिथे मॅग्माच मुळात हलका होता, म्हणजे आधी पाण्याने धुतलेला जुना दगड परत वितळून तो मॅग्मा झाला. यलोस्टोनच्या काही रायोलाइटमध्ये, म्हणजे ग्रॅनाइटच्याच घडणीच्या लाव्हामध्ये, असं सापडलंय. एकट्या दगडाचा सरसकट आकडा घेऊन बसलात तर या दोन कथा वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून खनिजं सुटी करून मोजायची. हा मुद्दा मी पुतण्यासाठी जरा आवाज चढवून सांगतोय, कारण पोरं सगळा दगड दळून पावडर पाठवतात.

आता ती घाई. ढगाळ फेल्डस्पार दिसला म्हणजे गरम पाणी, हे आपल्या गोव्यात म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. आपल्याकडे दरवर्षी पाऊस कोसळतो, वरती जांभा तयार झालाय तो याच कारणाने, आणि थंड पाण्यानेही फेल्डस्पार मळकट होतो, शेवटी त्याची चिकणमातीच होते. डोळ्याला दोन्ही सारखेच. आयसोटोपला मात्र सारखे नाहीत, उलट विरुद्ध! गरम पाणी फेल्डस्पारला हलका करतं. थंड पाण्यात तयार झालेली माती चांगलीच जड निघते, कारण तापमान जितकं कमी तितका खनिज जड ऑक्सिजन जास्त ओढून घेतं. म्हणून तुमचा विहिरीतला तुकडा भाग्याचा आहे, तो खालून आलाय. पुतण्याला सांगा सगळ्यात खोलातला, ज्याची कड हाताने चुरत नाही तो घे, पाळोळ्याच्या किनाऱ्यावरचा सुंदर गोल धोंडा नको, तो खारं पाणी खात बसलाय.

उलटंही होतं. पूर्व ग्रीनलंडचं स्कारगार्ड म्हणून एक गॅब्रो आहे, साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, थराथराचा, जगभरच्या दगडवाल्यांची पंढरीच म्हणा. इतका ताजा, इतका स्वच्छ दिसतो की मॅग्मा कसा गोठतो ते शिकायला लोक तिथे जातात. टेलरने तिथलं प्लॅजिओक्लेज म्हणजे फेल्डस्पारचाच एक प्रकार मोजला तर शून्याच्या खालीपर्यंत घसरलेला, शेजारचं पायरॉक्सीन नावाचं काळपट खनिज मात्र फारसं हललेलं नाही, खरं तर प्लॅजिओक्लेज जड असायला हवं तिथे ते हलकं, क्रमच उलटा. दिसायला ताजा आणि आतून धुतलेला, कारण पाणी इतकं गरम असताना शिरलं की क्लोराइट वगैरे हिरवट खनिजं फारशी बनलीच नाहीत. त्यातही मला सगळ्यात आवडतो तो भाग असा की या गॅब्रोच्या वरच्या अंगाला बाहेर भेगाळ बसाल्ट आहे आणि खालच्या अंगाला घट्ट नाईस, म्हणजे दाबाने-उष्णतेने बदललेला पट्टेदार दगड. बसाल्टच्या पातळीवरचा गॅब्रो हलका झालाय, नाईसच्या पातळीवरचा जवळजवळ जसाच्या तसा. पाणी बसाल्टमधून आत आलं, नाईसने दार उघडलंच नाही. विहीर खणणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, चिऱ्यात पाणी झिरपतं आणि काळ्या पाषाणाला लागलं की पंचाईत.

अजून एक अडचण सांगून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणाल आधी का नाही सांगितलं. स्कारगार्डला जमलं कारण तिथला पाऊस बराच उणे होता, दगड आणि पाणी यांच्यात अंतर मोठं होतं. विषुववृत्ताजवळ, किनाऱ्यावर पाऊस शून्याच्या थोडासाच खाली असतो, पाणीही फार गरम नसलं तर आकडा जेमतेम हलतो. आणि आपले ग्रॅनाइट अब्जावधी वर्षांपूर्वीचे, तेव्हा हा भूभाग पृथ्वीच्या पाठीवर कुठे होता, तिथे कसला पाऊस पडायचा, ते गृहीत धरूनच पुढे जावं लागतं. म्हणून आकडा मिळाला की उत्तर मिळालं असं समजू नका, उत्तरात आपलं गृहीतक मिसळलेलं असतं.

मोजणं कसं करतात तेही विचारलंत (तुमच्या दुसऱ्या पानावर). वाटाण्याएवढाही दगड लागत नाही, काही मिलिग्रॅम पुरतात, पण सिलिकेटमधून ऑक्सिजन सोडवणं म्हणजे कोकणी म्हातारीच्या मुठीतून पैसे सोडवणं. ब्रोमीन पेंटाफ्लोराइड नावाचा अतिशय वाईट स्वभावाचा पदार्थ वापरतात, क्लेटन आणि मायेदा यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली, काचेच्या भांड्यात करता येत नाही कारण काच हीही सिलिकेटच, तो पदार्थ भांडंच खातो, म्हणून निकेलच्या नळ्या. रात्रभर तापवायच्या. सुटलेला ऑक्सिजन तापलेल्या कार्बनवरून नेऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड-हलके वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचा. हल्ली लेझरने एकेक दाणा तापवूनही करतात. पाण्याचा अंश तिथे शत्रू, जुलैतल्या आपल्या हवेत बिस्किट पाच मिनिटांत मऊ पडतं तर दगडाच्या पावडरचं काय होत असेल.

नमुन्यांची पिशवी मार्करने लिहा. मी एकदा अनमोड घाटातून चाळीसेक नमुने आणले, कापडी पिशव्यांवर शाईच्या पेनने नंबर, जीपची ताडपत्री फाटकी, वरून पाऊस, साकोर्ड्याला पोचेपर्यंत सगळे नंबर निळं पाणी झालेले. चाळीस अनाथ दगड. अजून माझ्या फोंड्याच्या घरात कुंड्यांभोवती मांडलेले आहेत.

प्रश्न: माझा भाऊ मस्कतला असतो. सोहारकडे फिरायला गेला होता तिथून त्याने फोटो पाठवला, ओढ्याकाठी दगडाचे उशांसारखे गोल गोल ढीग. हे काय आहे? तुमच्या सदराचा विषय होतो का?
(एक वाचक भगिनी, म्हापसा)

उत्तर: होतो की, आणि वरच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग तुमच्या भावाने पाठवलाय! बाय, त्या उशाच, त्यांना पिलो लाव्हा असंच म्हणतात. लाव्हा समुद्राच्या तळावर पाण्यातच बाहेर पडला की वरून लगेच गोठतो, आतला फुगून पुढे सरकतो, असा ढीग होतो. ओमानमध्ये समुद्रतळाचा अख्खा तुकडा, वरच्या लाव्हापासून खालच्या मँटलपर्यंत, जमिनीवर चढून बसलाय, साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे पावसाऐवजी समुद्राचं पाणी फिरलं. ग्रेगरी आणि वरच्या उत्तरातला टेलर या दोघांनी १९८१ मध्ये त्या तुकड्याचा वरपासून खालपर्यंत ऑक्सिजन मोजला. वरच्या उशा जड झालेल्या, +१० च्याही पुढे, कारण तिथे पाणी तुलनेने थंड होतं. खालचे गॅब्रो +५.७ पेक्षा हलके, कारण तिथे तेच पाणी तापलेलं. पाणी ५ किलोमीटरहून खोल उतरलं होतं. आणि वरचं जास्त, खालचं कमी, बेरीज-वजाबाकी केली तर जवळजवळ बरोबरी! म्हणजे समुद्र एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने परत घेतो आणि स्वतः शून्याच्या आसपास राहतो. वर आपण समुद्र शून्य धरला होता ना, तो तिथेच का टिकून राहतो याचं एक उत्तर ओमानच्या ओढ्यात आहे.

जिवंत उदाहरण हवं असेल तर ते आपल्या हिंदी महासागरातही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने साडेचार हजार मीटर खोलीवरच्या चालू गरम झऱ्याचा फोटो काढला. भावाला सांगा, उशी उचलून आणू नको, विमानात सामानाचे जास्तीचे पैसे पडतील.

प्रश्न: हे सगळं ठीक, पण खाणीला याचा उपयोग काय?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर: डिचोलीहून हाच प्रश्न येणार! आपल्या लोहखनिजाला थेट फारसा नाही, कारण ते थंड पावसाने सिलिका धुवून नेऊन श्रीमंत झालेलं, त्यात मॅग्माची चूल नाही. पण सोनं, चांदी, तांबं यांच्या शिरा जिथे जुन्या गरम पाण्याने भरल्या तिथे खूप. नेवाडातल्या टोनोपा, कॉमस्टॉक आणि गोल्डफील्ड या चांदी-सोन्याच्या खाणींभोवतीचे दगड टेलरने १९७३ मध्ये मोजले तर सगळे हलके झालेले, खनिज पावसाच्या पाण्याने फिरवलेलं. शीर असते हातभर रुंद, पण तिच्याभोवतीचं हलक्या दगडाचं वर्तुळ किलोमीटरभर पसरलेलं असू शकतं, म्हणून आधी वर्तुळ शोधायचं आणि मग आत जायचं. हलकं वर्तुळ म्हणजे सोनं नक्की असं मात्र नाही. स्कारगार्डभोवतीही पाणी फिरलंच की.

प्रश्न: राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या कुंडातलं गरम पाणी ज्वालामुखीचं का? आजी म्हणायची खाली आग आहे.
(एक विद्यार्थिनी, पेडणे)

उत्तर: उन्हाळे गावच्या झऱ्यासारखे कोकण किनाऱ्यावरचे गरम झरे पावसाच्याच पाण्याचे आहेत, आयसोटोपने तेच दाखवलंय. पाऊस भेगांतून खोल उतरतो, खाली दगड मुळातच गरम असतो तिथे तापतो आणि दुसऱ्या भेगेने वर येतो, दख्खनचे ज्वालामुखी विझून साडेसहा कोटी वर्षं झाली. आजीची आग नाही, पण ऊब आहे. पुढच्या वेळी गेलीस तर कुंडात पाय सोडून बस, वरच्या उत्तरातली पेज तुझ्या पायाखाली चालू असते.